मोठा टर्बो, मोठी फसगत



'टर्बो बदलायचाच तर सर्वांत मोठा बसवा' हा गेल्या अंकातील लेखातला सल्ला रेस ट्रॅकवर ठीक. रोजच्या गाडीला तो महागात पडेल.

शहरात इंजिन बहुतांश वेळ तीन हजार आरपीएमच्या खालीच फिरतं. मोठ्या टर्बोचं चाक जड. एवढ्याशा धुरावर ते चटकन गती घेत नाही. सिग्नल सुटतो, पाय दाबलेला, गाडी मात्र ढिम्म. मग दाब एकदम येतो, तोवर पुढे रिक्षा आलेली असते. मापाचा टर्बो निवडायचा तो इंजिनाची क्षमता आणि कंप्रेसरचा नकाशा पाहून, डब्याच्या आकारावरून नव्हे.

त्याच लेखातलं 'बाकीचं नंतर बघू' हे तर धोक्याचंच. पेट्रोल इंजिनात दाब वाढवला आणि इंजेक्टर, ट्यूनिंग जुनंच ठेवलं, की मिश्रण विरळ होऊन ठोके बसतात; पिस्टनचा माथा वितळू शकतो. क्लचचं तर लेखकाने नावच काढलेलं नाही.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी.

— एक वाचक, पुणे