दोन बेंटली गाड्या : श्रेष्ठ कोणती?

मधल्या सुटींत आमच्या वरच्या वर्गांतील मुलांत एका जुन्या चित्रावरून मोठा वाद माजला. 'बेंटली ब्लोअर' श्रेष्ठ कीं त्याच कारखान्याची 'स्पीड सिक्स'? बहुमत ब्लोअरकडे पडलें. आम्ही अल्पमतांत आहों, व त्याचीं कारणें येथें सांगतों.

प्रथम अंकगणित. दोन्ही एंजिनांत नळकांड्याचा व्यास १०० मिलिमीटर व दट्ट्याची धांव १४० मिलिमीटर. म्हणजे दर नळकांड्याचें घनफळ सुमारें ११०० घन सेंटिमीटर (नववीच्या मुलांनीं हें स्वतः सोडवून पहावें). ब्लोअरला अशीं नळकांडीं चार, स्पीड सिक्सला सहा. म्हणून एकूण घनफळ अनुक्रमें ४३९८ व ६५९७. साध्या चार नळकांड्यांच्या गाडीची अश्वशक्ति ११०. परंतु एंजिनाच्या पुढच्या टोंकास हवा दाबून भरणारें यंत्र जोडतांच विक्रीच्या गाडींत ती १७५ झाली. स्पीड सिक्सची होती १८०. लिटरमागें हिशेब केला तर एकीस ४० व दुसरीस २७ पडतात, आणि मुलें येथेंच टाळ्या पिटून थांबतात.

आम्हांस मात्र पुढें विचारावेंसें वाटतें : ही वाढीव शक्ति आली कोठून? तेवढ्याच नळकांड्यांत अधिक हवा व अधिक इंधन कोंबून. त्याबरोबर उष्णता वाढते, ताण वाढतो. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली ह्यांचा या योजनेस विरोध होता; शक्ति हवी तर एंजिन मोठें करावें, हें त्यांचें मत. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. सर हेन्री बर्किन ह्यांनीं आग्रह धरला, व मिस डॉरथी पॅजेट ह्यांनीं शर्यतीच्या गाड्यांस पैसा पुरविला.

परीक्षा झाली १९३० च्या जून महिन्यांत, ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. बर्किननें टायराची पट्टी उडाली असतांहि काराचिओलाच्या मर्सिडीझला मागें टाकलें. तें धाडस आम्ही नाकारीत नाहीं. वाचतांना आमचाहि श्वास रोखला जातो. पण दोन्ही ब्लोअर शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. मर्सिडीझहि रात्रीं बंद पडली. स्पीड सिक्सपैकीं एक अपघातानें बाद झाली हें खरें, तथापि उरलेल्या दोघी पहिली व दुसरी आल्या. १९२९ सालींहि विजय स्पीड सिक्सचाच होता. ब्लोअरला ल मां कधींच जिंकतां आलें नाहीं.

बर्किनच्या एकासनी ब्लोअरनें १९३२ सालीं ब्रुकलँड्सवर ताशीं जवळजवळ १३८ मैलांचा वेग गांठला, हें प्रतिपक्षाचें उत्तर योग्य आहे; पण तो एका फेरीचा वेग, चोवीस तासांचा नव्हे. तीच गाडी २०१२ सालीं ५० लाख पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली, हें कळल्यापासून मात्र वर्गांत आमची बाजू पुन्हां लंगडी पडली आहे.