फुकटचा वकील

न्यायालयाने आरोपीला दिलेल्या वकिलाला आपल्या खेड्यापाड्यांतील माणसे ‘सरकारी वकील’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत सरकारी वकील म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालविणारा. हा घोळ केवळ शब्दांचा नाही. पोलीस सरकारचे, तुरुंग सरकारचा आणि बचाव करणाराही सरकारचाच, असे सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या गोंड कुटुंबाला वाटले, तर त्यात अज्ञान किती आणि अनुभव किती? मग बैलजोडी विकून, धानाची बांधी गहाण टाकून खाजगी वकील केला जातो. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच कुटुंबाचा निकाल लागलेला असतो.

कायद्यात उणीव आहे असे नाही. मोफत विधिसाह्याचे ३९-अ कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. (आणीबाणीतील त्या दुरुस्तीत चांगले म्हणावे असे थोडे होते, त्यांपैकी हे एक.) गरीब कैद्याला वकील देणे व त्याचा मोबदला भरणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या होसकोट प्रकरणातच सांगितले. १९९५ पासून अंमलात असलेल्या विधिसेवा कायद्यानुसार कोठडीतील कोणालाही, उत्पन्न कितीही असो, हा हक्क आहे.

मग या वकिलांची अपकीर्ती का? त्यांच्या चारित्र्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने प्रथम मोबदल्याकडे पाहतो. वर्षानुवर्षे पद्धत अशी राहिली की प्रत्येक खटल्यामागे ठरावीक, तुटपुंजी रक्कम, तीही विलंबाने. साक्षीदाराची उलटतपासणी दोन तास घ्या किंवा ‘प्रश्न नाहीत’ म्हणून खाली बसा, मोबदला तोच. अशा व्यवस्थेत अनुभवी वकील दूर राहतो आणि नवखा वकील गरिबाच्या खटल्यावर हात बसवून घेतो. आरोपीची भेटही दुर्मिळ. गोंदिया जिल्हा १९९९ साली स्वतंत्र झाला, पण त्यानंतरही अनेक वर्षे येथील कच्चे कैदी भंडाऱ्याच्या तुरुंगात ठेवले जात. पदरमोड करून तेथे कोण जाणार?

शेजारच्या मध्य प्रदेशात, खांडव्याला, २०१३ साली ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि पंधरवड्यात फाशीची शिक्षा झाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. फाशी वा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील आणि तयारीला सामान्यतः किमान सात दिवस हवेत, असे बजावले. तो आरोपी अखेर २०२४ साली निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी!

याउलट कसाबचे उदाहरण घ्या. २००९ साली त्याचा बचाव करण्यासाठी नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला. तरीही खटला वकिलावाचून चालला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञ त्याला मिळाले. हे योग्यच झाले. परंतु जगाची नजर असली की शासनाला उत्तम वकील सापडतो, आणि मोहाच्या दारूच्या किंवा चोरीच्या आरोपातील अनोळखी माणसासाठी सापडत नाही, हे कसे?

२०२२ साली राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ, पगारी बचाव वकिलांची योजना आणली. त्यांना खाजगी खटले घेता येत नाहीत. दिशा बरोबर आहे, कारण येथे वेळेला दाम मिळतो. पण सरकार पक्षाच्या पाठीशी पोलीस व न्यायवैद्यक प्रयोगशाळा असते. गावात जाऊन बचावाचा साक्षीदार शोधणारा माणूस या वकिलाला कोण देणार? एकेका वकिलाकडे किती खटले आहेत, याचा फलक प्रत्येक जिल्हा न्यायालयात लागला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरावी.

आणि कार्यकर्त्यांनी एक काम आजच हाती घ्यावे. मोफत वकिलाचा हक्क आरोपीला पहिल्या हजेरीलाच समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे २०१२ च्या कसाब निकालातच म्हटले आहे. गावातला माणूस पकडला गेला की त्या हजेरीला एकाने न्यायालयात जाऊन बसावे. वकील आरोपीला भेटला की नाही ते घरच्यांना विचारावे, आणि भेटला नसेल तर जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.