सायकल तीन लाखांची, गाळी फुकटाची

निपाणीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलगा उज्जैनला नोकरीला आहे. वय छत्तीस, एक लहान मुलगी आहे. गोव्याच्या 'आयर्नमॅन' स्पर्धेचे वेड त्याला लागले आहे. पोहायला शिकला, पहाटे उठून इंदूर रस्त्याला सायकल मारतो. आता कर्ज काढून तीन लाखांची सायकल घेतो म्हणतो. सुनेला पटत नाही, ह्यांनाही नाही. सर, तुम्ही या नादातले आहात, म्हणून विचारते. आम्ही काय सांगावे?"

अक्का, तुमच्यासारखा प्रश्न आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत आज पडत असेल. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे डॉक्टर, वकील, मास्तर पहाटे तंग कपडे घालून रस्त्यावर दिसतात आणि घरचे म्हणतात, "ह्यांना झालंय तरी काय?" मी स्वतः २०२२ च्या नोव्हेंबरात गोव्याची ही शर्यत अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या गिअर सायकलवर पूर्ण केली आहे. नंबर विचारू नका, वेळेत पोचलो एवढेच सांगतो. त्या अनुभवावरून चार शब्द लिहितो.

आधी शर्यत काय आहे ते बघू. १९७८ साली हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन स्पर्धा एकाला एक जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२ किलोमीटर धावायचे. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात! गोव्यात २०१९ पासून होते ती याच्या निम्म्या अंतराची : समुद्रात १.९ किलोमीटर, सायकलवर ९० आणि पायी २१.१. सगळे मिळून साडेआठ तासांच्या आत.

आता सायकलीकडे वळू. मराठीत आपण टायरमध्ये 'हवा' भरतो आणि समोरून येतो तो 'वारा'. कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द, गाळी. दुकानात "गाळी हाकसु" म्हणायचे आणि माळावर आल्यावर "काय गाळी सुटलीय" म्हणायचे. मला वाटते, सायकलीचे सगळे शास्त्र या एका शब्दात बसते. एक गाळी टायरमधली, दुसरी समोरची. तीन लाखांची सायकल या दोन गाळ्यांपुढे किती कामाची, एवढाच हिशेब करायचा.

समोरची गाळी आधी घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाताना आपला बहुतेक जोर वारा कापण्यातच जातो. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणून सायकल कंपन्या वाऱ्याला चिरणारी कार्बनची फ्रेम विकतात. त्यात खोटे काही नाही. पण वाऱ्याला अडवते कोण? सायकल थोडी, वर बसलेला माणूसच फार. अंग मुडपून, कोपर आत घेऊन बसता आले तर जो फायदा होतो तो नुसत्या महागड्या फ्रेमने होत नाही.

याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे कोपर टेकायच्या दांड्या लावल्या. ही युक्ती ट्रायथलॉनवाल्यांची. पुढे असलेला लॉराँ फिन्याँ साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, शेंडी उडवत आला. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. तशा दांड्या आज जुन्या सायकललाही लावता येतात आणि त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. मात्र त्यावर बसायची सवय मोकळ्या रस्त्यावर करावी. गर्दीत ब्रेकपासून हात लांब राहतो, ते धोक्याचे.

दुसरी गाळी टायरमधली. पूर्वी समज असा की टायर जितका अरुंद आणि दगडासारखा टणक, तितकी सायकल पळते. आता उलटे सिद्ध झाले आहे. आपल्यासारख्या खडबडीत रस्त्यावर थोडा रुंद, २८ मिलिमीटरचा टायर आणि वजनाप्रमाणे बेताची हवा, यातच वेग टिकतो. फार टणक टायर प्रत्येक खड्ड्याला उडतो आणि आपली ताकद त्या उडण्यात वाया जाते. कंबर आणि मनगटे दुखतात ती वेगळीच.

तेव्हा अक्का, मुलाला ही यादी पाठवा. पहिले, आहे ती सायकल जाणकाराकडून अंगाच्या मापाला बसवून घे. सीटची उंची एका बोटाने चुकली तरी नव्वद किलोमीटरनंतर गुडघा बोलतो. दुसरे, चांगले टायर, चांगले हेल्मेट, मागचा लाल दिवा. तिसरे, ट्यूब बदलायला शीक. शर्यतीत बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. ट्यूब, पान्हा आणि पंप आपल्याजवळ, हात आपलेच. मी दर महिन्याला घरात एकदा चाक काढून बसवतो, मुलगी घड्याळ लावते. एवढे करून एक शर्यत पूर्ण झाली आणि तरी हौस उरली, तर पैसे साठवून मग नवी सायकल घ्यावी.

उज्जैनच्या बाबतीत आणखी एक सांगतो. माळव्याचे पठार सपाट आणि पावसाळा सरल्यावर कोरडे. गोव्याचा रस्ता चढउताराचा, हवा दमट. तिथे घाम वाळत नाही, अंग तापत राहते. महागडी सायकल याला औषध नाही. पाणी, मीठ आणि आधी दोन-चार दिवस येऊन अंगाला सवय करणे हेच औषध. तसेच तलावात शिकलेल्या माणसाने समुद्रात जाणत्या सोबत्याबरोबर सराव केल्याशिवाय उतरू नये. क्षिप्रेत एकट्याने तर मुळीच नको. आणि पस्तिशी ओलांडलेल्याने आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे.

पण तुमचा खरा प्रश्न सायकलीचा नाही, घराचा आहे, असे मला पत्र वाचून वाटले. त्याबद्दल दोन नावे सांगतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी पार करणाऱ्या 'रॅम' शर्यतीत उतरले. सुमारे ४,८०० किलोमीटर. एकाने चालवायची, दुसऱ्याने गाडीत पडून राहायचे, मग अदलाबदल. मागे खाणे देणारे, रस्ता दाखवणारे, सायकल दुरुस्त करणारे लोक रात्रंदिवस जागे. नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत त्यांनी ती पुरी केली. २०१७ साली सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. 'एकेकट्याने' म्हणतात खरे, पण त्यांच्याही मागे गाडी होती, माणसे होती. गोकुळनाथांना २०१६ साली ती अर्धवट सोडावी लागली होती. पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायला माणसाला सायकलपेक्षा सोबत जास्त लागते.

लांबच्या शर्यतीचा खरा खर्च वेळेचा असतो. रविवारची सकाळ जाते, आणि ती एकट्या मुलाची नसते, सुनेची आणि नातीचीही असते. त्या सकाळी घर कोण सांभाळते, याचा हिशेब सायकलीच्या बिलात येत नाही. आमच्या घरात ठरले आहे : रविवारी मी पहाटे चारला निघतो आणि नऊच्या आत परत, त्यानंतरचा दिवस घराचा. शनिवारी दोघांनी बसून आठवड्याचे वेळापत्रक लिहायचे. ते बायकोच्या अक्षरात असते, म्हणून पाळलेही जाते.

म्हणून मुलाला "करू नको" म्हणू नका. छत्तीसाव्या वर्षी पोहायला शिकणारा माणूस काही वाईट नादाला लागलेला नाही. कर्जाला मात्र "नको" म्हणा आणि नवरा-बायकोने मिळून वेळापत्रक लिहावे असे सांगा. सुनेने त्यात स्वतःसाठीही एक सकाळ लिहून घ्यावी. ती त्या सकाळी धावो, झोपो की मैत्रिणीकडे जावो, मुलीचा डबा त्या दिवशी सायकलवाल्याने भरायचा.