नाव झाकलं की गुणवत्ता दिसते: कॅनडाच्या गाण्यांचा कोटा

१९६५ साली कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या एका पोरांच्या बँडने 'शेकिन ऑल ओव्हर' हे गाणं बाजारात आणलं. गाणं मूळ एका इंग्लिश बँडचं. या पोरांच्या बँडचं नाव होतं चॅड ॲलन अँड द एक्सप्रेशन्स. पण रेडिओ स्टेशनांना पाठवलेल्या रेकॉर्डवर कंपनीने ते नाव छापलंच नाही. त्या जागी फक्त एक प्रश्न छापला: 'गेस हू?' म्हणजे, ओळखा पाहू कोण? बँड कॅनडाचा आहे असं कळलं तर कॅनडाचेच रेडिओवाले रेकॉर्ड बाजूला टाकतील, ब्रिटिश वाटला तर वाजवतील, असा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. गाणं कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि 'द गेस हू' हेच नाव त्या बँडला कायमचं चिकटलं.

आडनाव लपवून ज्यांनी भाड्याची खोली शोधली आहे, त्यांना ही गोष्ट उलगडून सांगायची गरज नाही.

त्या काळात कॅनडाच्या कलावंतापुढे सरळ रस्ता एकच होता, देश सोडणं. नील यंग गेला, जोनी मिचेल गेली, लिओनार्ड कोहेन गेला. अमेरिकेने शिक्का मारला की मग मायदेशात कौतुक. १९७० साली 'अमेरिकन वुमन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, ते याच द गेस हूचं. म्हणजे ताकद आधीपासून होती. दार बंद होतं.

मग सरकारी प्रसारण नियामक सीआरटीसीने नियम केला. जानेवारी १९७१ पासून एएम रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी किमान ३० टक्के गाणी कॅनडाची असलीच पाहिजेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा ३५ वर गेला. तेव्हा स्टेशनमालकांनी काय ओरड केली असेल, ओळखा! इतकी चांगली गाणी देशात आहेतच कुठे? दर्जा घसरेल. श्रोते पळतील. मित्रांनो, ही वाक्यं आपण कुठल्या भाषेत ऐकली नाहीत? काही स्टेशनांनी तर नियम पाळून नियम मारला. देशी गाणी ऐकायला कुणी नसतं अशा वेळेत कोंबली. लोकांनी त्याला 'बीव्हर अवर' असं नाव ठेवलं, कारण बीव्हर हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी. कागदावर जागा भरलेली, प्रत्यक्षात ऐकणारा कोणी नाही. अनुशेष कसा तयार होतो ते समजायला एवढं उदाहरण पुरे. पुढे दिवसाच्या मुख्य वेळेतही प्रमाण पाळायची सक्ती आणावी लागली.

आता ब्रायन ॲडम्सकडे येऊ. हा गायक सत्तरच्या दशकाच्या शेवटी उभा राहिला, म्हणजे त्याची सगळी सुरुवातीची वाटचाल कोटा लागू असलेल्या काळातली. १९९१ साली त्याचा 'वेकिंग अप द नेबर्स' अल्बम आला. त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण नियमाच्या हिशेबात तो अल्बम 'कॅनडाचा' बसला नाही. संगीत, कलावंत, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारपैकी दोन गोष्टी कॅनडाच्या असाव्या लागतात. ॲडम्सने गाणी परदेशी निर्मात्यासोबत मिळून लिहिली होती आणि रेकॉर्डिंगही मुख्यतः देशाबाहेरचं, म्हणून एकच खूण पडली. तक्रार रास्त होती आणि १९९३ मध्ये नियम बदलून असं सहलेखन मान्यही झालं. पण ॲडम्स तिथे थांबला नाही. ही व्यवस्था सुमारपणाला खतपाणी घालते, सरकारने यातून बाहेर पडावं, असं तो जाहीरपणे बोलला. शिडी चढून वर गेल्यावर शिडीलाच लाथ घालणारी माणसं सगळ्या देशांत सापडतात. आपल्या वस्तीतही दोनचार आहेत.

आणि कोटा देतो तरी काय? गाणं रेडिओवर वाजण्याची संधी. आवडून घ्यायची सक्ती कुणावर नाही, श्रोत्याचा हात बटणावरच असतो. 'द ट्रॅजिकली हिप' हा बँड अमेरिकेत कधी फार मोठा झाला नाही, पण त्याच्या गायकाला, गॉर्ड डाउनीला, मेंदूचा कर्करोग झाल्यावर २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टनमध्ये झालेला अखेरचा कार्यक्रम सुमारे एक कोटी सतरा लाख लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या थोडी वर. हे प्रेम कोणत्या टक्केवारीने विकत मिळतं?

पण इथे आपण टाळ्या वाजवून थांबलो तर चूक होईल. हा कोटा शोषितांसाठी नव्हता, तो अमेरिकेच्या बाजारापुढे दबलेल्या एका देशाच्या उद्योगासाठी होता. चार खुणांत 'कोणत्या समाजाचा?' हा प्रश्नच नाही. टोरंटोचा गोरा पोरगा आणि तिथला आदिवासी गायक, दोघं एकाच रकान्यात. ज्या आदिवासींचा पॉटलॅच हा सोहळा, गाण्यानाचासकट, त्याच सरकारने १८८५ ते १९५१ कायद्याने बंद ठेवला होता, त्यांना 'तुम्हीही कॅनडाचे' म्हणून सांगितलं की हिशेब मिटतो का? डाउनीलाही हे टोचत असावं. त्याने त्या शेवटच्या मंचावरून, समोर पंतप्रधान बसलेले असताना, उत्तरेतल्या आदिवासींचा विषय काढला. निवासी शाळेतून पळून घरी निघालेला आणि १९६६ साली वाटेतच मेलेला बारा वर्षांचा चॅनी वेंजॅक, त्याच्यावर अख्खा 'सीक्रेट पाथ' अल्बम केला. तरीही डाउनी गोराच होता, आणि दुसऱ्याचं दुःख गाणाऱ्याला मंच सहज मिळतो.

स्वतःच्या आवाजात गाणारे वेगळे. वोलास्तोकी समाजाचा जेरेमी डचर संग्रहालयात गेला. तिथे शंभरेक वर्षांपूर्वी एका मानववंश अभ्यासकाने मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलेली त्याच्याच पूर्वजांची गाणी पडून होती. त्याने ती ऐकून लिहून काढली, त्या जुन्या आवाजांसोबत स्वतः गायला आणि अल्बम केला. इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये नाही, बोलणारे अगदी थोडे उरलेल्या वोलास्तोकी भाषेत. २०१८ साली त्या अल्बमला पोलारिस पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये दुसऱ्या अल्बमला पुन्हा, आणि हा पुरस्कार दोनदा मिळवणारा तो पहिला कलावंत ठरला. रेकॉर्डवर नाव त्याने स्वतःचंच छापलं होतं.