नामांतर झाले, पुढे काय?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मी आजवर किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. बालपणी वडिलांचे बोट धरून हत्ती पाहिला, पुढे मुलांना नेले, अलीकडे नातवाच्या हट्टापायी पेंग्विनही पाहून आलो. त्याच आवारात एक देखणी जुनी वास्तू उभी आहे. तिच्या पायऱ्या मात्र मी गेल्या महिन्यात प्रथमच चढलो. ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. साठी उलटलेल्या मुंबईकराने आपल्याच शहराच्या इतिहासाचे दालन पहिल्यांदा पाहावे, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे.

आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या प्रांगणातील पाषाणाचा हत्ती पाहावा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेस नेण्याचा घाट घातला, परंतु उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत येऊन पडले व १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे करण्यात आले. साखळी तुटली नसती, तर हे शिल्प पाहण्यासाठी आपल्याला लंडनची वारी करावी लागली असती! अंगावरील सांधे मिरवीत तो आज येथे उभा आहे आणि त्याच्याजवळून हजारो माणसे जिवंत प्राणी पाहण्यासाठी लगबगीने पुढे जातात.

आत प्रवेश करताच उंच खांब, रंगीत फरश्या आणि सोनेरी नक्षीचे छत यांनी डोळे दिपतात. मधोमध राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे. ते स्वाभाविकच होय. कारण १८७२ मध्ये ही वास्तू जनतेसाठी खुली झाली, ती ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने. संग्रहाचा आरंभ त्याही आधीचा. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी या देशातील कारागिरीचे व कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यात आले, त्यातून हा संग्रह आकारास आला. या भूमीत काय पिकते, येथील हात काय घडवतात, हे राज्यकर्त्यांना व्यापारासाठी जाणून घ्यायचे होते.

वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या व व्यावसायिकांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. पगडीचा घाट, नेसण्याची तऱ्हा, सारे बारकाईने साकारलेले. आपल्या पणजोबांची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते, म्हणून मन हरखते. पण पाहता पाहता जाणवते, की ही माणसे येथे मांडली गेली ती नमुने म्हणून. त्यांना वेष आहे, व्यवसाय आहे, नाव नाही. परक्या दृष्टीने केलेली ही मोजदाद आपण आपल्या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे.

तसे वाचण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी होते, असे पुरुष या संग्रहालयाच्या उभारणीतच होते. नाना शंकरशेट त्यांतील अग्रणी. वास्तू पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते, १८६५ मध्येच ते निवर्तले. या कार्यासाठी नेमलेल्या समितीचे एक चिटणीस होते डॉ. भाऊ दाजी. गोव्यातील मांद्रे गावचा हा सुपुत्र ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचा पदवीधर. रुग्णसेवा करता करता त्यांनी महारोगावरील औषधाचा शोध घेतला, अजिंठ्याचे शिलालेख वाचले, जुन्या नाण्यांवर व लेखांवर विद्वन्मान्य निबंध लिहिले. आपला इतिहास आपणच वाचला पाहिजे, याचा तो वस्तुपाठ होता. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले, हे सर्वथा उचित झाले.

परंतु नामांतराने आपले कर्तव्य संपले काय? मध्यंतरी ही वास्तू जीर्ण झाली होती. महानगरपालिका, ‘इन्टॅक’ आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. जगाने दखल घेतली. आपण मात्र फाटकापर्यंत जाऊन परत फिरतो! रस्त्यांची, स्थानकांची, उद्यानांची नावे बदलावीत म्हणून आपण आग्रह धरतो, आणि तो योग्यही असतो. पण ज्याचे नाव दिले तो पुरुष कोण होता, हे घरातील मुलाला सांगता येत नसेल, तर त्या नावाची पाटी तेवढी उरते.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती. मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाल, तेव्हा एक तास या वास्तूसाठी राखून ठेवा. प्रथम तो सांधलेला हत्ती दाखवा, त्याची कथा सांगा, मग आत जा. आणि बाहेर पडताना मुलांना एवढेच विचारा: भाऊ दाजी कोण होते? माझ्या नातवाने त्या दिवशी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मला दाराजवळून पुन्हा आत जावे लागले.