यंत्राला राखीव कुमक, माणसाला डबल ड्युटी!

साथींनो,

१० जुलै २०१९ रोजी भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि बघता बघता गर्दी ओसरली. २०२३ च्या अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. एवढा भार पेलणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, अॅमेझॉनकडून भाड्याने घेतलेले असतात. गर्दी वाढली की वाढवायचे, ओसरली की कमी करायचे.

हे सारे आपोआप होते, असा समज आहे. पण बेंगळुरूत हे काम करणाऱ्या अभियंत्यांचा अनुभव वेगळा आहे. गर्दी मिनिटागणिक लाखांनी वाढते आणि नवा सर्व्हर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून सामन्याआधीच सर्व्हर सज्ज ठेवतात, वर राखीव कुमकही ठेवतात. विकेट पडली म्हणून लगेच कपात करीत नाहीत. कारण सामना सोडणारे सगळे एकदम मुखपृष्ठावर येतात आणि तिथला भार वाढतो.

मग आमचा सवाल असा : यंत्राची राखीव कुमक ही दूरदृष्टी, आणि आमचे लीव्ह रिझर्व्ह, रेस्ट गिव्हर ही उधळपट्टी कशी?

प्रशासन म्हणते, बसून पगार कसा द्यायचा? रिकाम्या सर्व्हरचे भाडे कंपनी मुकाट्याने भरते, कारण ऐनवेळी कोसळणे त्याहून महाग पडते. दिवाळीचा प्लॅटफॉर्म आणि राखीपौर्णिमेचे टपाल यांना हाच हिशेब लागू आहे. आणि सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो. पॉइंट्समन किंवा सॉर्टर तसा उभा राहत नाही. बंद केलेल्या सर्व्हरला घरभाडे नसते, मुलांची फी नसते. कंत्राटी माणसाला ती असते.

ज्या बेंगळुरूत यंत्राची एवढी काळजी घेतात, तिथेच जुलै २०२४ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस १४ तासांपर्यंत ताणण्याचा प्रस्ताव आला. तिथल्या आयटी कर्मचारी युनियनने त्याला कडाडून विरोध केला. संगणकापुढे बसणाराही कामगारच आहे. त्याची लढाई ती आपली लढाई.

खाऊजावाल्यांचा धडा आपण त्यांनाच ऐकवू या. प्रत्येक शाखेने आपल्या ठिकाणच्या रिक्त राखीव जागांची यादी करावी आणि भरतीची मागणी लावून धरावी. राखीव जागा ही चैन नव्हे, ती सेवेची हमी आहे!

कामगार एकजुटीचा विजय असो!