‘शॅल’ : देताना सैल, घेताना घट्ट



गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब माझ्या कार्यालयात आले. धम्मदीक्षा घेऊन त्यांना पुरते वर्षही झाले नव्हते. गावच्या सार्वजनिक नळावर त्यांच्या सुनेला जातीवरून शिवीगाळ करण्यात आली, हंडा फेकून देण्यात आला व मारहाणही झाली. ठाण्यावरील अंमलदाराने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, कोऱ्या कागदावर एक अर्ज लिहून घेतला आणि ‘चौकशी करतो’ असे सांगून त्यांची बोळवण केली. जाता जाता असेही ऐकविले की, तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हांला अत्याचारविरोधी कायदा कसा लागू होईल? त्या कुटुंबातील वृद्ध गृहस्थांनी मला एकच प्रश्न विचारला, “वकीलसाहेब, तक्रार नोंदवलीच पाहिजे असे कायद्यात आहे, की नोंदवली तर चालते असे आहे?”

या प्रश्नाचे उत्तर ज्या एका इंग्रजी शब्दात दडलेले आहे, तो शब्द म्हणजे ‘शॅल’. आपल्या देशातील असा कायदा क्वचितच सापडेल की ज्यात हा शब्द नाही. शाळेत आपण शिकलो की ‘आय शॅल’ म्हणजे केवळ ‘मी करीन’. पण हाच शब्द दुसऱ्याला उद्देशून आला म्हणजे ती आज्ञा होते. कायद्याच्या पुस्तकात मात्र त्याची रूपे याहून पुष्कळ अधिक आहेत. कोठे तो आज्ञा करतो, कोठे मनाई करतो, कोठे नुसती घोषणा करतो, तर कोठे जे वस्तुतः नाही ते आहे असे मानावयास लावतो. अमेरिकेतील संघीय दिवाणी न्यायालयांची नियमावली २००७ साली नव्याने लिहिताना त्यांनी हा शब्द संदिग्ध म्हणून काढूनच टाकला.

आपल्या संविधानाच्या मराठी पाठात ‘शॅल’च्या जागी ‘करील’, ‘असेल’ अशी रूपे येतात. आता तुम्हीच सांगा, ‘तो घरी असेल’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात खात्री असते की शंका? अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा अपराध ‘असेल’. हे ‘असेल’ शंकेचे नव्हे, हुकुमाचे आहे. परंतु आपल्या कानाला ते हुकुमासारखे लागत नाही, आणि अंमलदाराच्या कानाला तर मुळीच लागत नाही.

शब्द संदिग्ध असला तर न्यायालये त्याचा अर्थ लावतात, हे योग्यच. ‘शॅल’ आला की तरतूद बंधनकारक आहे असे प्रथमदर्शनी धरावे, मात्र कायद्याचा हेतू निराळा दिसल्यास तसे धरू नये, हा मान्य नियम आहे. माझी तक्रार नियमाविषयी नाही. त्याचा काटा कोणत्या बाजूला झुकत आला, याविषयी आहे. अनुच्छेद ३२० म्हणतो की सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की हा ‘शॅल’ केवळ निदेशात्मक आहे; सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. नोकऱ्यांतील राखीव जागांसंबंधीचा अनुच्छेद १६(४) तर राज्याला आडकाठी होणार नाही एवढेच सांगतो. त्यामुळे तो अधिकार देणारा आहे, कर्तव्य लादणारा नाही, असे १९६७ साली राजेंद्रन यांच्या खटल्यात ठरले व २०२० साली मुकेशकुमार यांच्या खटल्यात त्याचीच री ओढण्यात आली.

आता घेणारा ‘शॅल’ पाहा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने जाहीर केले की हिंदूहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी नागपूरला आपल्या लक्षावधी माणसांनी बुद्धाला शरण जाऊन दीक्षा घेतली आणि हे कलम त्यांच्यावर दरवाजासारखे बंद झाले. १९६२ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात, नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले होते, एवढ्यावर त्याची निवड रद्द झाली. तेथे कोणी विचारले नाही की हा ‘शॅल’ आज्ञार्थी की निदेशात्मक! गावातला नळ तोच राहिला, शिवी तीच राहिली, केवळ सवलत गेली. १९९० साली त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला गेला, तोपर्यंत चौतीस वर्षे लोटली होती. त्या अंमलदाराला हे १९९० साल ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्याला ते आठवावयाचे नव्हते.

कोणी म्हणेल, सारेच ‘शॅल’ कडक केले तर राज्यकारभार अडून बसेल. हा आक्षेप पोकळ नाही. मार्गदर्शक तत्त्वांविषयी अनुच्छेद ३७ एकाच दमात सांगतो की ती न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत आणि ती अंमलात आणणे हे राज्याचे कर्तव्य असेल. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी या तत्त्वांतील ‘झटणे’ या शब्दाचे समर्थन केले, ते परिस्थिती प्रतिकूल असतानाही राज्याने झटतच राहावे म्हणून. राज्याला सवड देणे निराळे आणि सूट देणे निराळे. आमचा आग्रह एवढाच की जो ‘शॅल’ आम्हांला काही देतो, त्याच्यापुढे कोणी करावे, किती दिवसांत करावे आणि न केल्यास काय, हे तिन्ही लिहिलेले असावे.

तसे लिहिले की काय होते, हे पाहा. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे हा ‘शॅल’ बंधनकारकच आहे, असे ललिताकुमारी यांच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची वाट पोलिसांना करून दिली आहे. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १८-अ, जे २०१८ साली घातले गेले, सांगते की या कायद्याखालील खबर नोंदविण्यास प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ अन्वये, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला जो लोकसेवक खबर नोंदविण्याचे कर्तव्य जाणूनबुजून टाळील त्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे. येथेही एक मेख आहेच: आरोप प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीनंतरच ठेवावयाचा! म्हणजे कर्तव्य चुकविणाऱ्यासाठी आधी चौकशी, आणि मार खाणाऱ्यासाठीही अंमलदाराच्या मते आधी चौकशीच.

मी त्या गृहस्थांना सांगितले, “नोंदवलेच पाहिजे असे आहे.” मग त्यांना पुन्हा ठाण्यावर पाठविले, आणि सोबत तीन गोष्टी लिहून दिल्या. सांगितलेली हकीकत वाचून दाखवा म्हणावे व मगच सही करावी. नोंदविलेल्या खबरीची प्रत विनामूल्य व तेव्हाच मागावी. नकार मिळाल्यास तीच हकीकत टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडावी व पोचपावती जपून ठेवावी. त्यानेही न भागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सून स्वतः गेली. अंमलदाराने पुन्हा कोरा कागद पुढे केला, तेव्हा तिने तो परत सरकवला आणि छापील नमुन्याचे पुस्तक काढावयास सांगितले.